‘जरा हसा’ न म्हणता: माणसांचे सहज फोटो काढण्याची पद्धत

गप्पा मारताना ज्याचा चेहरा बघत राहावासा वाटतो, तोच माणूस कॅमेरा वर गेला की ओळखपत्रावरच्या फोटोसारखा दिसू लागतो. खांदे वर चढतात, ओठ मिटतात, मान मागे जाते आणि हात नेमके कुठे ठेवायचे हा मोठाच प्रश्न होऊन बसतो. यावर ‘कळू न देता फोटो काढा’ असा सल्ला सर्रास दिला जातो. मला तो अर्धवट वाटतो. लपून काढलेल्या फोटोत माणूस मोकळा असतो खरा, पण बहुतेकदा तो पाठमोरा, अर्धा कापलेला किंवा भलत्याच उजेडात असतो. आणि त्याला विचारलेलंही नसतं. पोर्ट्रेट हे दोघांनी मिळून करायचं काम आहे. फोटो निघतोय हे माहीत असूनही समोरचा मोकळा राहिला पाहिजे, आणि ते जमवता येतं.

त्यासाठी एकच गोष्ट सतत बघायची: या माणसाचं लक्ष आत्ता कुठे आहे? स्वतःच्या चेहऱ्याकडे गेलं की चेहरा आवळतो. हातातल्या कामाकडे, तुमच्या प्रश्नाकडे, शेजारच्या माणसाकडे, अगदी स्वतःच्या श्वासाकडे गेलं तरी चेहरा सुटतो. फोटोग्राफरचं निम्मं काम हे लक्ष हलवण्याचं. ते करायला आधी तुमचं लक्ष मोकळं हवं, म्हणजे कॅमेरा, उजेड आणि जागा यांचं सगळं अगोदरच उरकलेलं हवं. पुढचा क्रम याच हिशोबाने लावला आहे.

## आधी बोलून घ्या

शूटच्या एक-दोन दिवस आधी फोनवर थोडं बोलणं झालं पाहिजे. मेसेजवर भागवू नका. आवाज ऐकला की माणूस किती बोलका आहे, घाईत आहे की निवांत, हे कळतं. फोटो कशासाठी हवाय ते विचारा. कामाच्या ठिकाणी लावायचा, कुणाला द्यायचा की नुसताच हवाय, यावर पुढचं बरंच ठरतं.

मग एक प्रश्न हमखास विचारायचा: ‘तुमच्या फोटोत तुम्हाला काय खटकतं?’ जवळजवळ प्रत्येकाकडे उत्तर तयार असतं. एक डोळा बारीक दिसतो, दात पुढे आहेत, गळ्याखाली जाड दिसतं. ‘छे, काहीतरीच, छान दिसता तुम्ही’ असं म्हणून ते उडवून लावू नका. ऐकून घ्या आणि उपाय सांगा: ‘बरं, मग मी कॅमेरा डोळ्यांच्या किंचित वर ठेवीन, आणि दोन-तीन फोटो झाल्यावर तुम्हाला दाखवीन.’ ज्याची धास्ती आहे ती गोष्ट कुणीतरी सांभाळतंय म्हटल्यावर शूटच्या वेळी तो माणूस स्वतः तिच्यावर पहारा देत बसत नाही.

कपड्यांबद्दल जास्त ताणू नका. रोज वापरात असलेले, अंगाला सवय झालेले कपडे सांगा. खास फोटोसाठी घेतलेल्या नव्याकोऱ्या शर्टात माणूस दर मिनिटाला कॉलर नीट करतो. मोठी अक्षरं छापलेले टी-शर्ट आणि अगदी बारीक रेघांचे कापड तेवढे टाळायला सांगा. बारीक रेघांवर कॅमेऱ्यात लहरी उमटतात आणि त्या नंतर काढताना जीव जातो.

## जागा आणि उजेड

शक्य असेल तर त्या माणसाच्या जागेत जा. आपल्या टेबलाशी, आपल्या खुर्चीत बसलेल्या माणसाला ‘इथे कसं वागायचं’ हा प्रश्न पडत नाही. स्टुडिओत मात्र पाहुणा तो असतो, यजमान तुम्ही. स्टुडिओच हवा असेल तर त्याला आल्या आल्या दिव्यांसमोर उभं करू नका. आधी बसू द्या, इकडेतिकडे बघू द्या.

उजेडाच्या बाबतीत माझा कल स्पष्ट आहे: सहज फोटोंसाठी खिडकी हा सगळ्यात भरवशाचा दिवा. थेट ऊन न येणारी मोठी खिडकी शोधा. माणसाला तिच्यापासून एक-दीड मीटरवर बसवा आणि त्याचा चेहरा खिडकीकडे अर्धवट वळलेला ठेवा. चेहऱ्याच्या एका बाजूला उजेड आणि दुसऱ्या बाजूला मऊ सावली येते, डोळ्यांत खिडकीचा चौकोनी ठिपका चमकतो. तो ठिपका दिसत नसेल तर डोळे मेलेले वाटतात, मग माणूस कितीही खूश असो. सावलीची बाजू फारच काळी पडत असेल तर तिकडून पांढरा थर्माकोल किंवा मोठा पांढरा कागद धरा. आणि खोलीतले दिवे बंद करा. खिडकीचा निळसर उजेड आणि बल्बचा पिवळा उजेड एकाच चेहऱ्यावर पडला तर त्वचेचा रंग काही केल्या जुळत नाही.

बाहेर काढायचे असतील तर भर दुपारचं ऊन टाळा. डोळ्यांच्या खोबण्या काळ्या होतात आणि माणूस डोळे बारीक करतो. तीच वेळ गळ्यात पडली तर इमारतीच्या किंवा झाडाच्या सावलीच्या कडेला उभं करा, तोंड मोकळ्या आकाशाकडे. झाडाखाली पानांमधून गालावर उन्हाचे कवडसे पडत नाहीत ना, एवढं बघून घ्या.

या सगळ्यात एक मुद्दा बरेच जण विसरतात. उजेड असा निवडा की त्यात माणसाला थोडी हालचाल करता येईल. दोन दिवे नेमक्या कोनात लावून ‘आता मान हलवू नका’ म्हणायची वेळ आली तर सहजपणा तिथेच संपला. १८३९ मध्ये डॅगेरोटाइप ही फोटो काढण्याची सुरुवातीची पद्धत जाहीर झाली, त्यानंतरच्या काळात फोटोला इतका वेळ लागायचा की डोकं हलू नये म्हणून मागून लोखंडी आधार लावत. तो आधार आता गेला आहे; अवघड लायटिंग करून आपण तो परत आणू नये.

## कॅमेरा आधीच लावून ठेवा

माणूस येण्याआधी त्याच्या जागी दुसऱ्या कुणाला तरी बसवा, कुणी नसेल तर खुर्चीच्या पाठीवर जॅकेट टाका, आणि एक्स्पोजर (फोटोत किती उजेड घ्यायचा ते) ठरवून टाका. माणूस समोर असताना बटणं फिरवत बसलात की दोन गोष्टी होतात. तो वाट बघत स्वतःचा विचार करू लागतो आणि तुम्ही त्याच्याकडे बघायचं थांबता.

शटर स्पीड, म्हणजे एक फोटो टिपायला लागणारा वेळ, १/२५० सेकंदापेक्षा लांबू देऊ नका. बोलणाऱ्या माणसाचे ओठ, हात आणि मान सतत हलतात; १/६० वर चेहरा ठीक येतो पण हात पुसट होतात. उजेड कमी पडला तर आयएसओ (कॅमेऱ्याची उजेड टिपण्याची संवेदनशीलता) वाढवा. थोडे दाणे आलेला जिवंत फोटो चालतो, हललेल्या चेहऱ्याचं काही करता येत नाही.

अ‍ॅपर्चरचा मोह आवरा. लेन्सचं भोक जितकं मोठं (म्हणजे एफचा आकडा जितका लहान), तितका फोकसमधला भाग कमी. फुल फ्रेम (मोठ्या सेन्सरच्या) कॅमेऱ्यावर ८५ मिमी लेन्स एफ १.८ वर ठेवून दोन मीटरवरून फोटो काढला, तर फोकसमध्ये येणारी खोली (पुढून मागे जेवढा भाग धारदार दिसतो) जेमतेम ६ सेंटीमीटर असते. स्थिर बसलेल्या मॉडेलला ते पुरतं. बोलता बोलता पुढे झुकणाऱ्या माणसाचा एक डोळा धारदार आणि दुसरा धूसर येतो. एफ ४ वर तीच खोली साधारण १३ सेंटीमीटर होते आणि तुमची निम्मी चिंता मिटते. फोकस सतत पाठलाग करणाऱ्या मोडवर आणि डोळे ओळखण्याची सोय चालू. ती सोय नसेल तर कॅमेऱ्याच्या जवळच्या डोळ्यावर फोकस.

आवाज न करणारं इलेक्ट्रॉनिक शटर अशा कामात फार उपयोगी पडतं. खटखट नसली की माणूस मोजत बसत नाही. पण ट्यूबलाइट किंवा एलईडीच्या उजेडात आधी एक-दोन फोटो काढून मोठे करून बघा. ५० हर्ट्झच्या विजेवर बरेच दिवे सेकंदाला १०० वेळा मिणमिणतात आणि फोटोत आडवे पट्टे उमटतात. तसं झालं तर १/२५० चा नियम तेवढ्यापुरता सोडून १/१०० वर या किंवा साधं मेकॅनिकल शटर वापरा. खिडकीच्या उजेडात ही भानगडच नाही.

लेन्सपेक्षा अंतर महत्त्वाचं. चेहऱ्याचा आकार बदलतो तो तुम्ही किती जवळ आहात त्यामुळे. ३० सेंटीमीटरवरून काढलेल्या सेल्फीत नाक दीड मीटरवरून काढलेल्या फोटोपेक्षा सुमारे ३० टक्के रुंद दिसतं, असा हिशोब २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात मांडला होता. म्हणून दीड ते अडीच मीटर हे अंतर धरा आणि त्याला शोभेल अशी लेन्स लावा: अर्धं शरीर हवं असेल तर ५० मिमी, चेहरा हवा असेल तर ८५ मिमी. फार लांबची लेन्स घेऊन पाच-सहा मीटर मागे गेलात तर चेहरा चपटा दिसतो हे एक, आणि गप्पा ओरडून माराव्या लागतात हे दुसरं.

मोबाइल असेल तर हेच अंतर ठेवा आणि दोन किंवा तीन पट झूमची लेन्स निवडा. स्क्रीनवर चेहऱ्याला बोट दाबून धरलं की बहुतेक फोनमध्ये फोकस आणि एक्स्पोजर लॉक होतं. पोर्ट्रेट मोडमधली धूसर पार्श्वभूमी केस आणि चष्म्याच्या कडांवर फसते, म्हणून मी तो मोड बंद ठेवून पार्श्वभूमीच साधी निवडायला सांगेन.

## पहिली काही मिनिटं

पहिले पंधरा-वीस फोटो फुकट जाणार हे गृहीत धरा आणि ते फुकट घालवण्यासाठीच काढा. समोरच्याला तसं सांगूनही टाका: ‘मी आधी उजेड तपासतोय, तुम्ही नुसते बसा.’ बसल्या जागी गप्पा चालू ठेवा आणि मधूनमधून शटर दाबत राहा. कॅमेरा वर गेला, खाली आला, काही भयंकर घडलं नाही, असं चार-सहा वेळा झालं की तो आवाज कानाला सवयीचा होतो. गंमत म्हणजे ‘तपासणी’तले एक-दोन फोटो बऱ्याचदा शेवटच्या निवडीत टिकतात, कारण त्या वेळी तो माणूस पोझ द्यायच्या कामाला लागलेला नसतो.

नंतर त्यातला एखादा बरा फोटो त्याला दाखवा. एकच. ‘बघा, उजेड किती छान पडलाय’ असं म्हणत दाखवा, म्हणजे आधी उजेडाकडे बघितलं जातं आणि मग चेहऱ्याकडे. त्यानंतर स्क्रीन त्याच्यापासून लांब ठेवा. दर पाच मिनिटांनी फोटो बघणारा माणूस पुढची पाच मिनिटं स्वतःला दुरुस्त करत राहतो.

## काय सांगायचं आणि काय नाही

‘हसा’ हा शब्द काढून टाका. फ्रेंच डॉक्टर दुशेन यांनी १८६२ मध्ये चेहऱ्याच्या स्नायूंवरचा आपला अभ्यास प्रसिद्ध केला. ओठांची टोकं वर ओढणारा स्नायू आपण मनाने हलवू शकतो, पण खऱ्या आनंदात डोळ्यांभोवतीचा जो स्नायू आकसतो तो सहसा सांगून हलत नाही, असं त्यांनी दाखवलं. पुढे मानसशास्त्रज्ञांनी डोळ्यांपर्यंत पोचणाऱ्या हसण्याला त्यांचंच नाव दिलं. ‘हसा’ म्हटल्यावर तुम्हाला मिळतं ते फक्त ओठांचं काम. सरावलेले लोक डोळेही आकसून दाखवतात, पण तेही क्षणभरच टिकतं.

‘मोकळे व्हा’, ‘नैसर्गिक दिसा’, ‘रिलॅक्स’ ही वाक्यंही तेवढीच निरुपयोगी. ती ऐकणाऱ्याला एवढंच कळतं की आपण आत्ता अवघडलेले दिसतोय. करता येईल असं काहीतरी सांगा. ‘त्या खिडकीपर्यंत चालत जा आणि वळून माझ्याकडे बघा.’ ‘डोळे मिटा, मी तीन म्हटल्यावर उघडा.’ ‘मोठा श्वास घ्या आणि तोंडाने सोडा.’ श्वास सोडताना खांदे उतरतात, जबडा सुटतो, आणि त्या सेकंदात फोटो काढायचा. डोळे मिटून उघडण्याचीही तीच गोष्ट: उघडल्या उघडल्या नजर ताजी असते, अजून तिच्यावर काही चढवलेलं नसतं.

शरीराबद्दल दोन-तीन सूचना मात्र आधीच आणि स्पष्ट द्याव्या लागतात. उभा असेल तर वजन एका पायावर. बसला असेल तर खुर्चीच्या पाठीला टेकू न देता किंचित पुढे. हनुवटीचं सांगताना ‘हनुवटी खाली’ म्हणू नका, लोक हनुवटी गळ्यात रुतवतात. ‘कपाळ जरा माझ्याकडे आणा’ म्हणा. मान आपोआप पुढे येते आणि जबड्याची रेघ दिसते. एकदा हे बसवलं की पुन्हा पुन्हा दुरुस्त करू नका. प्रत्येक दुरुस्तीने लक्ष परत चेहऱ्यावर येतं. कॉलर वाकडी राहिली तर राहू द्या. केसांची बट डोळ्यावर आली तर ती तशीच जास्त चांगली दिसते की काय, हे आधी बघा.

प्रश्न विचारण्याची एक रीत आहे. ‘स्वतःबद्दल सांगा’ म्हटलं की मुलाखत सुरू होते. त्याऐवजी एखादी गोष्ट कशी करतात ते विचारा. शिक्षिकेला विचारा, वर्गात शेवटच्या बाकावरच्या मुलाला बोलतं कसं करता. सुताराला विचारा, लाकूड आतून खराब आहे हे कापायच्या आधी कसं ओळखता. जे हातात मुरलंय ते समजावताना माणूस स्वतःला विसरतो. भुवया, हात, मान सगळं त्या गोष्टीच्या मागे जातं. दुसरा हमखास चालणारा विषय म्हणजे त्याच्या जवळचं दुसरं कुणीतरी: ‘तुमची धाकटी बहीण तुमची नक्कल कशी करते?’ उत्तर देता देता लोक स्वतःच ती नक्कल करू लागतात.

बोलणाऱ्या तोंडाचे फोटो मात्र वेडेवाकडे येतात, हे लक्षात असू द्या. बोलताना काढू नका. वाक्य संपल्यावर, तुमच्या पुढच्या प्रश्नावर विचार करताना आणि हसून झाल्यावर चेहरा शांत होत असताना काढा. हसण्याच्या शिखरापेक्षा ते उतरतानाचा चेहरा मला नेहमी जास्त त्या माणसाचा वाटतो.

बोलताना तुमचा चेहरा दिसायला हवा. अमेरिकन फोटोग्राफर रिचर्ड अ‍ॅव्हेडन मोठ्या फिल्मचा कॅमेरा स्टँडवर लावून त्याच्या मागे न थांबता बाजूला, लेन्सच्या जवळ उभा राहायचा. समोरचा माणूस यंत्राकडे न बघता त्याच्याकडे बघायचा. आपल्यालाही ते करता येतं. कॅमेरा ट्रायपॉडवर, फ्रेम जरा सैल, हातात केबलचं बटण किंवा मोबाइलचा रिमोट. ट्रायपॉड नको असेल तर स्क्रीन बाहेर वळवून कॅमेरा छातीपाशी धरा आणि डोळ्यांत बघून बोला.

## हातांचं काय करायचं

हात हा अवघडलेपणाचा सगळ्यात मोठा साठा. समजा, एक चाळिशीचे गृहस्थ आले आहेत, कामासाठी फोटो हवाय. दोन्ही हात पोटासमोर एकमेकांत अडकवून उभे. ‘हात कुठे ठेवू?’ याला ‘खिशात घाला’ असं उत्तर दिलंत की हात दिसेनासे होतात आणि कोपर दोन्हीकडे ताठ राहतात. त्याऐवजी म्हणा, ‘घड्याळ काढून त्या टेबलावर ठेवता का? चमकतंय.’ आता त्यांना पट्ट्याची कडी सोडवायची आहे. मान झुकते, उजव्या हाताची बोटं डाव्या मनगटावर चालतात, खालचा ओठ किंचित दुमडतो. घड्याळ टेबलावर ठेवून ते वर बघतात, ‘आता?’ अशा नजरेने, आणि डावा हात अजून मनगट चोळणाऱ्या उजव्या हातात आहे. त्या नजरेला शटर दाबा. नंतर ‘आता पुन्हा घाला, नसलेलं बरं नाही दिसत’ म्हटलंत की हीच संधी उलट क्रमाने परत मिळते.

चष्मा पुसणं, बाही दुमडणं, पुस्तकाचं पान उलटणं, केस मागे घेणं, बाहीचं बटण लावणं: असली छोटी, खरी कामं द्या. ‘फोन कानाला लावून बोलल्यासारखं करा’ अशी खोटी कामं मात्र नकोत, ती फोटोत खोटीच दिसतात. त्याच्या रोजच्या कामाची वस्तू हातात असेल तर उत्तमच. ती कशी धरायची हे त्याला शिकवावं लागत नाही.

## मोठे फोटोग्राफर काय काय करत

युसूफ कार्श यांनी ३० डिसेंबर १९४१ रोजी ओटावामध्ये चर्चिलचा फोटो काढताना त्यांच्या तोंडातला सिगार काढून घेतला, आणि त्या क्षणीचा रागीट चेहरा जगभर पोचला. फिलिप हाल्समन शूटच्या शेवटी मोठमोठ्या लोकांना उडी मारायला सांगायचे. विंडसरचे ड्यूक आणि डचेस, शास्त्रज्ञ ओपेनहायमर असे कितीतरी जण त्यांच्यासमोर हवेत गेले. उडी मारताना माणूस उडीत गुंततो आणि चेहरा सांभाळायचं राहून जातं, हा त्यांचा हिशोब. दोन्हींत तत्त्व एकच: लक्ष एकदम दुसरीकडे खेचणं. उडीची युक्ती तरुण मंडळींवर आणि मुलांवर आजही छान चालते. सिगार हिसकावण्याच्या वाटेला मात्र जाऊ नका; चिडलेल्या माणसाबरोबर उरलेला तासही काढायचा असतो.

## ‘झालं’ म्हटल्यानंतर

शेवटी ‘झालं, छान झालं, थँक्यू’ म्हणा, पण कॅमेरा हातातून खाली ठेवू नका. त्या शब्दाबरोबर माणूस मोठा श्वास सोडतो, खुर्चीत मागे रेलतो, कुणाकडे तरी बघून हसतो. लगेच विचारा, ‘हा एक घेऊ का, असेच बसा’, आणि घ्या. विचारणं महत्त्वाचं, झालं म्हणून फसवलं असं वाटता कामा नये. त्यासाठी एकूण वेळेचा अंदाजही बरोबर ठेवा. चेहऱ्याचा संयम साधारण तासाभरात संपतो, त्यानंतरचे फोटो थकलेले येतात. मधे एकदा कॅमेरा बाजूला ठेवून पाच मिनिटं नुसतं बसलात तर दुसरा भाग पहिल्यापेक्षा चांगला जातो.

## मुलं, आजी-आजोबा, जोडपी, गट

मुलांसमोर जमिनीवर बसा, कॅमेरा त्यांच्या डोळ्यांच्या उंचीला. ‘इकडे बघ, इकडे बघ’ ओरडणाऱ्या मोठ्यांना प्रेमाने खोलीबाहेर काढा किंवा तुमच्या मागे बसवून गप्प राहायला सांगा. मुलाला आधी कॅमेऱ्याचं बटण दाबू द्या, तुमचा फोटो काढू द्या. मग ‘तू मला हसवून दाखव’ असा डाव लावा. शटर १/५०० वर न्या. कंटाळलं की थांबा. रडवेल्या मुलाकडून काही मिळत नाही.

वयस्कर माणसांना आरामाची, हात असलेली खुर्ची द्या आणि जवळ बसून स्पष्ट बोला. ‘आजी, हा पदर असाच राहू दे, छान दिसतोय’ एवढंसं वाक्यही पुरतं. चष्म्यावर खिडकी चमकत असेल तर चष्मा काढायला लावू नका, ज्यांनी त्यांना रोज चष्म्यात पाहिलंय त्यांना ते परके दिसतील. चष्म्याच्या काड्या कानावरून किंचित वर उचला, काचा खाली झुकतात आणि चमक जाते.

जोडप्यांना एकमेकांकडे टक लावून बघायला सांगितलं की दोघंही लाजतात किंवा फिस्स करून हसतात. चालायला लावा, चालता चालता एकाने दुसऱ्याच्या कानात काहीतरी सांगायचं. काय सांगायचं ते तुम्ही सुचवा: ‘पहिल्या भेटीत मला तुझ्याबद्दल काय वाटलं होतं ते सांगा.’ तुम्ही मागे सरका.

गटात खरी अडचण पापण्यांची. ऑस्ट्रेलियातल्या सीएसआयआरओ संस्थेच्या निक स्वेन्सन आणि पियर्स बार्न्स यांनी याचं गणितच मांडलं आणि त्याला २००६ चं इग नोबेल, म्हणजे गमतीदार पण खऱ्या संशोधनाला देतात ते बक्षीस, मिळालं. २० पेक्षा कमी माणसांसाठी त्यांचा साधा नियम: उजेड चांगला असेल तर माणसांच्या संख्येला ३ ने भागा, कमी असेल तर २ ने, तितके फोटो काढलेत की एकात तरी सगळ्यांचे डोळे उघडे मिळण्याची जवळजवळ खात्री. म्हणजे चांगल्या उजेडात १२ जणांचे किमान ४ फोटो. त्यांना उंचीप्रमाणे रांगेत लावण्यापेक्षा काहींना बसवा, काहींना टेकू द्या आणि त्यांच्यातल्याच एखाद्या बोलक्याला काहीतरी सांगायला लावा.

## अनोळखी माणूस

रस्त्यात एखादा चेहरा आवडला तर माझा आग्रह विचारून काढण्याचा. विचारल्याने सहजपणा जातो ही भीती दोन मिनिटांत फिटते. कॅमेरा खाली ठेवून जवळ जा, काय आवडलं ते नेमकं सांगा: ‘तुम्ही जसं मन लावून हे दुरुस्त करताय ना, तसाच एक फोटो काढू का?’ होकार मिळाला की म्हणा, ‘तुमचं काम चालू ठेवा.’ तो कामाकडे वळतो आणि तुम्हाला हवा होता तोच फोटो आता हक्काने मिळतो. काढलेला दाखवा. नको म्हणाला तर समोरच डिलीट करा. नकाराला दुसरा प्रश्न नाही. लहान मूल असेल तर आधी पालकांना विचारा आणि फोटो कुठे टाकणार तेही सांगा.

## निवड, एडिटिंग आणि फोटो देणं

त्याच दिवशी निवडू नका. शूटच्या गप्पांचा अंमल अजून डोक्यात असतो आणि जो क्षण मजेचा होता तोच फोटो चांगला वाटतो. दुसऱ्या दिवशी आधी सगळे छोटे करून भराभर बघा; लहान आकारात नजर जिथे थांबते त्यावर खूण करा. मग मोठे करून डोळे तपासा. एकसारख्या दहा फोटोंतला एकच ठेवा. तंत्रात थोडा कच्चा पण चेहरा खरा, आणि तंत्रात चोख पण चेहरा जपलेला, अशी जोडी समोर आली तर मी पहिला ठेवतो.

एडिटिंगला माझा नियम असा: जे पंधरा दिवसांत जाणार आहे ते काढायचं, जे राहणार आहे ते ठेवायचं. पुटकुळी, खरचटलेलं, झोप न झाल्याची लाली काढा. तीळ, वण, सुरकुत्या त्या माणसाने स्वतःहून सांगितल्याशिवाय हात लावू नका. त्वचा गुळगुळीत करणारं फिल्टर एकदा चढलं की डोळ्यांच्या कोपऱ्यातल्या त्या रेघा पुसल्या जातात, ज्या मिळवायला तुम्ही तासभर गप्पा मारल्या होत्या.

फोटो पाठवल्यावर ‘हा मी वाटतच नाही’ असं उत्तर आलं तर दचकू नका. १९७७ मध्ये मीटा, डर्मर आणि नाइट या अमेरिकेतल्या संशोधकांनी लोकांना स्वतःचे सरळ आणि आरशातल्यासारखे उलटे असे दोन फोटो दाखवले. बहुतेकांना स्वतःचा उलटा आवडला, त्यांच्या जवळच्या माणसांना सरळ. आपण आयुष्यभर स्वतःला आरशात बघतो, त्यामुळे भांग भलत्या बाजूला दिसला तरी बिनसतं. म्हणून आठ-दहाच फोटो पाठवा आणि सोबत लिहा, ‘दोन दिवस ठेवा, घरच्यांना दाखवा, मग सांगा.’ मघाच्या घड्याळवाल्या गृहस्थांच्या घरातलं माणूस बहुधा तोच निवडेल ज्यात ते मनगट चोळत वर बघताहेत. तरीही त्यांना दुसरा हवा असेल तर तो द्या, आणि तुमचा आवडता कुठेही लावण्याआधी त्यांची परवानगी घ्या.